चौथा सामना

लोक म्हणतात, लॉर्न गिलफिलननं आर्डकिल्टी रोव्हर्स वाचवला. म्हणोत बापडे. क्लबच्या दारात त्याचा फोटो लावलाय, खाली पितळी पट्टी, आणि सामन्याच्या दिवशी आत शिरताना पोरंसोरं त्या पट्टीला बोट लावतात. मी तिकडे बघत नाही. एकतीस वर्षं मी या फुटबॉल क्लबची सेक्रेटरी होते, फुकटची. रेफ्रीला चहा, खेळाडूंची नोंदणी, लीगची पत्रं, हरवलेले मोजे, सगळं इझोबेल डॅलगार्नोच्या डोक्यावर. तेव्हा कोणी कुणाला वाचवलं आणि कशानं वाचवलं, हे मला नका सांगू.

लॉर्नला मी त्याला नाक पुसता येत नव्हतं तेव्हापासून ओळखते. त्याची आई आणि मी बंदरावरच्या शेडमध्ये एका टेबलाशी उभ्या राहून मासे साफ करायचो. सतराव्या वर्षी पोरगा रोव्हर्सकडून खेळायला लागला, एका हंगामात एकतीस गोल ठोकले, आणि ग्लासगोच्या मोठ्या क्लबनं त्याला उचलला. मग इंग्लंड. देशाच्या संघातून एकदाच, तेही शेवटची अकरा मिनिटं. त्या अकरा मिनिटांत चेंडू आपल्याला दोनदा लागला, हे तो न विचारता सांगतो. गोल एकूण दोनशे अडतीस. एकशे बारावा कुठला विचारा, मैदान, हवा, गोलकीपरचं नाव, सगळं घडाघडा म्हणून दाखवील. बायकोचा वाढदिवस मात्र एकदाही लक्षात राहिला नाही, आणि ती कधीच निघून गेली.

मग खुब्याचं हाड झिजलं आणि लॉर्न मॅनेजर झाला. स्ट्रायकरनं मॅनेजर होऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. ज्याला जन्मभर दुसऱ्यांनी चेंडू आणून दिला, त्याला दुसऱ्यांना काय द्यायचं ते कळत नाही. चार क्लबांनी त्याला काढला. एकानं गाडीतळावर उभ्या उभ्या, एकानं फोनवर, एकानं रेडिओवरच जाहीर केलं, तेव्हा हे महाशय न्हाव्याच्या खुर्चीत बसलेले, अर्धं डोकं कापून झालेलं. चौथ्यानं तर काढल्याचं सांगितलंही नाही, नुसतं कुलूप बदललं. मग तो घरी आला, आईच्या रिकाम्या घरात राहायला लागला, आणि आम्ही त्याला घेतला, कारण आमच्याकडे यायला दुसरं कुणी तयार नव्हतं.

त्या हंगामात आमची अवस्था काय सांगू! लीगमध्ये खालून दुसरे, कधी खालून पहिले. आमच्या खाली फक्त स्ट्रॅथोरन, किंवा त्यांच्या खाली आम्ही. जो शेवटचा राहील त्यानं बाहेरच्या एखाद्या तगड्या क्लबशी प्ले-ऑफचा सामना खेळायचा, आणि हरला की लीगमधून बाहेर. एकदा बाहेर गेलेला परत आलेला कुणी मी तरी पाहिलेला नाही. आमचा क्लब लीगमध्ये एकशे नऊ वर्षं होता. मासे गेले, बोटी गेल्या, शाळाही दुसऱ्या गावात गेली. शनिवारी दुपारी आर्डकिल्टीत चारशे माणसं एका जागी दिसायची ती फक्त या मैदानावर.

लॉर्न सुकत चालला होता. गालफडं बसली होती, हाताला सिगारेटचा वास, जेवण म्हणाल तर मी डब्यातून नेलेलं मसुराचं सूप, तेही अर्धं. एक दिवस बुटांच्या खोलीत मला म्हणाला, "मावशी, त्या चौघांनी मला काढलं, पण ते क्लब अजून आहेत. हा माझ्या हातून बुडाला तर राहणारच नाही. मग मी या गावात तोंड कुठं दाखवू?"

मी म्हटलं, आधी ते सूप संपव.

फेब्रुवारीत आमच्या दोन स्ट्रायकरांपैकी एकाचा गुडघा गेला आणि दुसरा समुद्रातल्या तेलविहिरीवर नोकरीला गेला. नवीन नोंदणीची मुदत टळलेली. आता आमच्याकडे खालच्या लीगमध्ये एक जुनी सोय होती. न नोंदवलेला माणूस 'ट्रायलिस्ट' म्हणून खेळवता यायचा. यादीत त्याचं नाव लिहायचं नाही, नुसतं 'ट्रायलिस्ट'. लाऊडस्पीकरवर तेच, दुसऱ्या दिवशी पेपरात तेच. त्याची आई बाकावर बसून त्याच्या नावानं ओरडत असली तरी कागदावर तो कुणीच नाही. एका माणसाला असे तीन सामने. चौथा खेळला तर त्या सामन्यात मिळवलेले गुण जप्त.

लॉर्न म्हणाला, मीच खेळतो.

बेचाळीस वर्षांचा घोडा! खुब्यात धातूचा खिळा. मी त्याला म्हटलं, तुला वेड लागलंय. तो म्हणाला, वेड लागायला वेळ कुठाय, आणि जर्सी मागितली. मी कपाटातली सर्वांत मोठी काढून दिली, तीही पोटावर तटतटली.

पहिला सामना बाहेरगावी झाला. हा लंगडत लंगडत नव्वद मिनिटं पुरी करून आला, गोल नाही. दुसरा घरी, आणि तेविसाव्या मिनिटाला समुद्रावरून धुकं असं चढलं की मला समोरचा गोलही दिसेना. रेफ्रीनं अर्धा तास वाट बघितली आणि सामना रद्द केला. तोच सामना पुढच्या मंगळवारी नव्यानं झाला, लॉर्न पुन्हा खेळला, पुन्हा काही नाही. मग मार्चमधला शनिवार आला, आणि घरच्या मैदानावर स्ट्रॅथोरन.

सामन्याआधी मी टेबलाशी बसून यादी लिहीत होते. अकरा नावं, त्यातलं नववं राहिलेलं. लॉर्न दारात उभा राहिला.

"मावशी, हा माझा कितवा?"

मी बोटांवर मोजलं. बाहेरगावचा एक, मंगळवारचा दोन. धुक्यातला तर झालाच नव्हता.

"तिसरा," मी म्हटलं. "शेवटचा. मग खुब्याला तेल लाव आणि गप बस."

तो बुटाच्या नाड्या बांधायला गेला. मी नववं नाव लिहिलं: ट्रायलिस्ट.

स्ट्रॅथोरनचे सेक्रेटरी हेन्ड्री ऑख्टरलोनी नेहमीप्रमाणे माझ्या शेजारी येऊन बसले. वय अठ्ठ्याहत्तर, टाय नीट बांधलेला, मांडीवर छोटी वही. बावीस वर्षं दर शुक्रवारी आम्ही फोनवर बोलायचो, रेफ्री कुणाला मिळाला, कुणाच्या मैदानावर पाणी साचलंय, असंच. त्यांची बायको गेली त्या आठवड्यातही त्यांनी फोन चुकवला नव्हता. आमच्यासारखंच त्यांचं गाव, एकच गिरणी, तीही बंद. मी त्यांना घरची शॉर्टब्रेड बिस्किटं दिली. ते म्हणाले, मिसेस डॅलगार्नो, लोणी जरा जास्त झालंय, आणि तीन खाल्ली.

एक्क्याऐंशीव्या मिनिटाला कॉर्नर मिळाला. चेंडू आत आला, सगळ्यांनी उड्या मारल्या, आणि लॉर्ननं नाही मारली. त्याला मारता येतच नव्हती. तो नुसता एक पाऊल मागे सरला, चेंडू सगळ्यांच्या डोक्यांवरून त्याच्याकडे आला आणि त्यानं तो कपाळानं हलकेच आत ढकलला. बाई गं, ते मैदान! माझा गळा बसला. शेजारी हेन्ड्री ऑख्टरलोनी टाळ्या वाजवत होते. आपल्याच क्लबावर झालेला गोल, आणि हा माणूस टाळ्या वाजवतोय. मग त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं. आम्ही एक-शून्य जिंकलो, तीन गुण खिशात.

रविवारी मी चर्चमधून आले, चहा केला आणि नियमांचं पुस्तक उघडलं. का उघडलं, देव जाणे. आनंदात होते, काहीतरी चाळत बसावं म्हणून असेल. ट्रायलिस्टचं पान निघालं. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं: खेळाडूनं मैदानात पाय ठेवला की तो सामना मोजला जाईल, मग तो पुरा होवो की मध्येच रद्द होवो.

एकतीस वर्षांत मी एक अर्ज चुकवला नव्हता, आणि चुकले ते चारपर्यंत मोजताना.

सोमवारी सकाळी मी तडक मैदानावर गेले. लॉर्न बुटांच्या खोलीत एकटाच चिखल खरवडत बसला होता. मी त्याला सांगितलं. सांगताना रडले, लपवत नाही. म्हटलं, धुक्यातला धरला पाहिजे होता, तो चौथा होता रे, माझी चूक झाली, मी आजच लीगला पत्र लिहिते. त्याचा हात थांबला नाही. तो बूट खरवडतच राहिला.

"मला ठाऊक होतं," तो म्हणाला.

"काय ठाऊक होतं?"

"चौथा आहे ते. मी दोनशे एकोणचाळीस गोल मोजलेत, मावशी. मला चार मोजता येणार नाहीत?"

"मग मला विचारलंस कशाला?"

तेव्हा कुठं त्यानं मान वर केली. "तू तिसरा म्हणावंस म्हणून."

मी त्याच्या थोबाडीत मारली. बेचाळीस वर्षांच्या माणसाच्या, मॅनेजरच्या. त्यानं मारू दिली. मग त्यानं माझा तोच हात धरला आणि विनवण्या सुरू केल्या. कागदावर नुसतं ट्रायलिस्ट आहे, लीगला कळणार नाही. खेळाडूंना स्वतःचे बूट मोजता येत नाहीत. आणि चहाडी आमच्या मुलखात कुणी करत नाही. शाळेत ज्यानं केली त्याच्याशी म्हातारपणापर्यंत कुणी बोलत नाही. ते खरंच होतं.

"मी फुकट मागत नाही," तो म्हणाला. "आठ सामने उरलेत. ते तीन गुण आपण परत कमावू. स्ट्रॅथोरनच्या इतके पुढे जाऊ की तीन गेले तरी आपण वाचू. मग तू पत्र टाक, मी स्वतः सही करतो. तेवढी मुदत दे."

मी दिली. माझीही अब्रू त्यात अडकली होती, हे कबूल करते. घरी जाऊन पत्र लिहिलं, पाकीट चिकटवलं आणि हातपिशवीत ठेवलं. त्यानंतरचे दोन महिने मी पोस्टाच्या लाल पेटीसमोरून जाताना रस्ता ओलांडून पलीकडून गेले. दर शुक्रवारी हेन्ड्रींचा फोन यायचा, मी हवापाण्याचं बोलायचे आणि ठेवला की पाणी प्यायचे. लॉर्न खेळाडूंच्या मागे हात धुऊन लागला होता. सकाळी समुद्रात उभं करायचा, संध्याकाळी पळवायचा, शिव्या द्यायचा, मग त्यांच्याच गळ्यात पडायचा. पोरांना वाटायचं मॅनेजरला क्लबचं वेड आहे. दोन जिंकलो, दोन बरोबरीत सोडवले, तीन हरलो.

शेवटचा शनिवार उजाडला तेव्हा आम्ही स्ट्रॅथोरनच्या एका गुणानं पुढे होतो, त्या तीन गुणांसकट. स्ट्रॅथोरनचा सामना दूर उत्तरेत, त्याच वेळी. ते हरले आणि आम्ही जिंकलो, तरच आम्ही खरोखर वाचणार होतो. तीन गुण गेले तरी एकानं वर. आमची बरोबरी झाली तर गावाच्या हिशोबात वाचलो, माझ्या आणि लॉर्नच्या हिशोबात बुडालो.

साठाव्या मिनिटाला एक-एक झालं होतं. लोकांच्या कानाला रेडिओ. सत्तराव्या मिनिटाला स्टँडमधून आरोळी उठली, स्ट्रॅथोरन दोन गोलांनी मागे! माणसं एकमेकांना मिठ्या मारायला लागली. वाचलो, वाचलो! बरोबरी पुरे, आता चेंडू कोपऱ्यात नेऊन ठेवा, असं सगळे ओरडत होते. आणि लॉर्न रेषेवर वेड्यासारखा हात हलवून पोरांना पुढं ढकलत होता. पुढे! सगळे पुढे! लोक हसले. म्हणाले, बघा, हा स्ट्रायकर तो स्ट्रायकरच, याला बरोबरी पचत नाही. एकजण माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "इझा, सांग गं त्याला, झालं काम." मी पिशवी पोटाशी धरून बसले होते. मनातल्या मनात देवाला म्हणत होते, एक गोल, अरे एकच, कुणाच्या पाठीला लागून जाऊ दे, पण जाऊ दे.

एकोणनव्वदाव्या मिनिटाला आमच्या पोराचा फटका खांबाला लागला. लोकांनी 'हाय' म्हटलं आणि लगेच गाणं चालू केलं. मग शिटी वाजली.

सगळं गाव मैदानात घुसलं. त्यांनी लॉर्नला खांद्यावर उचलला. तो वर बसून रडत होता, आणि लोक म्हणत होते, आनंदाश्रू. त्या गर्दीतून त्यानं मला शोधलं आणि माझ्याकडे बघून मान हलवली, नाही, नाही. मला त्या नजरेचा इतका राग आला आणि इतकी कीव आली की मी आत जाऊन रेफ्रीच्या कपबशा धुवायला लागले.

तासाभरानं तो आला. अंगावर कुणीतरी बिअर ओतलेली. मी पाकीट काढून त्याच्या हातात दिलं. म्हटलं, बोलला होतास ना सही करतो म्हणून? कर, आणि तूच टाक. त्यानं पाकीट फोडून पत्रावर सही केली. पत्र नव्या पाकिटात घालून खिशात ठेवलं आणि उद्याच टाकतो म्हणाला. स्ट्रॅथोरनचा प्ले-ऑफ पुढच्या शनिवारी होता. पत्र त्याआधी पोचलं असतं तर तो सामना आम्हाला खेळावा लागला असता.

बुधवारी तो माझ्या दारात उभा राहिला. दाढी वाढलेली, हातात तेच पाकीट, घडी पडून मळलेलं. "नाही जमलं, मावशी. तीनदा पेटीपर्यंत गेलो." पाकीट त्यानं स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवलं आणि निघून गेला.

म्हणजे आता ते माझ्याकडे होतं. पोस्टाची पेटी माझ्या फाटकापासून वीस पावलांवर. फोन भिंतीवर. लॉर्नला शिव्या घालणं सोपं आहे, पण बुधवार, गुरुवार, शुक्रवार ते पाकीट माझ्या टेबलावर होतं. खाटकानं मला त्या दिवसांत हसून दोन सॉसेज जास्त घातले. ज्या बायका वर्षानुवर्षं माझ्याकडे बघत नव्हत्या त्या रस्त्यात थांबून बोलत होत्या. मी मनाशी म्हणायचे, चहा झाला की टाकते. मग, भांडी झाली की टाकते. शुक्रवारी फोन वाजला तेव्हा मी तो उचललाच नाही. वाजून वाजून थांबला.

शनिवारी स्ट्रॅथोरन तीन-एकनं हरले आणि लीगबाहेर गेले.

रविवारी सकाळी पुन्हा फोन वाजला. या वेळी मी उचलला.

हेन्ड्री ऑख्टरलोनींनी आधी तब्येत विचारली. मग आमचं अभिनंदन केलं, अगदी सरळ आवाजात. मी म्हटलं, तुमच्या क्लबाचं ऐकून वाईट वाटलं.

"गिलफिलनचा तो गोल सुंदर होता, मिसेस डॅलगार्नो. मी मनापासून टाळ्या वाजवल्या."

"हो, मी पाहिलं."

"त्याचा तो चौथा सामना होता. धुक्यातला धरून. तुमच्या शेजारी बसूनच मी वहीत मोजलं होतं."

समोर टेबलावर ते पाकीट तसंच पडलं होतं.

"आमची कमिटी म्हणत होती, लीगला कळवा. मी म्हटलं, उभ्या आयुष्यात मी कुणाची चहाडी केली नाही, आणि इथं तर गरजच नाही. तिथं इझोबेल डॅलगार्नो आहे. तिला कळलं की ती स्वतःच लिहील. दोन महिने मी त्यांना थोपवून धरलं. शुक्रवारी तुम्हाला फोन केला तो हेच विचारायला. काल मैदानावर जाण्याआधीही मी लीगला विचारलं, आर्डकिल्टीहून काही आलंय का." त्यांनी घसा साफ केला. "तुम्हाला कळलं नसेल, नाही का?"

त्यांना माझ्याकडून फक्त 'नाही' ऐकायचं होतं. तेवढ्यावर त्यांनी मला सोडून दिलं असतं, बावीस वर्षांची ओळख तशीच ठेवली असती.

"कळलं होतं," मी म्हटलं. "दुसऱ्याच दिवशी."

मग ते म्हणाले, आता नव्या लीगमध्ये शुक्रवारचे फोन दुसऱ्या लोकांना करावे लागतील, तेव्हा तुम्ही वाट बघू नका. फोन त्यांनीच ठेवला, हळू, कुणाची झोप मोडू नये तसा.

मंगळवारी कमिटीच्या सभेत मी राजीनामा दिला. अध्यक्षांनी कारण विचारलं. सगळे माझ्याकडे बघत होते, कौतुकानं. मी म्हणाले, गुडघे दुखतात. लॉर्न समोरच बसला होता. त्यानं उभं राहून माझ्या आभाराचा ठराव मांडला, आणि तो एकमतानं मंजूर झाला.